बापाचे बाळंतपण

जालन्यात आम्ही मासे पाळतो असे सांगितले की ऐकणारा माणूस माशांचे काही विचारत नाही, पाण्याचे विचारतो. "म्हणजे तुमच्याकडे नळ रोज येतो की काय?" त्याचे चुकत नाही. आमच्या गल्लीत नळ कधी पाचव्या दिवशी येतो, कधी आठव्या. आल्यावरही तो पाव्हण्यासारखा वागतो. किती वेळ थांबणार हे आधी सांगत नाही. गावातून कुंडलिका वाहते, निजामाच्या अमदानीत बांधलेला घाणेवाडीचा तलाव आहे, पार पैठणहून नाथसागराचे पाणी नळाने आणलेले आहे, आणि तरीही जालन्याच्या घरात पाऊल टाकले की आधी निळी पिंपे दिसतात आणि मग माणसे. "जालना सोन्याचा पाळणा" अशी आमच्या गावाची जुनी म्हण आहे. पाळण्यात पाणी किती, ते म्हणीत सांगितलेले नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात हे गाव टँकरमागे घागरी घेऊन धावले आहे. तेव्हा कोणी माशांचे नाव काढले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

अशा गावात काचेच्या टाकीत माशांची अंडी उबवून पिल्ले वाढवता येतात का? येतात. मी वाढवली आहेत, आणि त्यापायी घरातल्या कोणाचीही आंघोळ चुकलेली नाही. ते कसे, हेच सांगायचे आहे. पण त्याआधी त्या माशाची ओळख करून द्यायला हवी. कारण या गोष्टीतला खरा नायक तो आहे, आणि तोही बाप म्हणून.

दुकानात त्याला ब्रिसलनोज प्लेको म्हणतात. शास्त्रीय नाव ॲन्सिस्ट्रस. क्नेर नावाच्या एका ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८५४ साली हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकडा किंवा गळ. या माशाच्या गालांवर बारीक आकडे असतात त्यावरून. मुलुख दक्षिण अमेरिकेचा, ॲमेझॉनच्या आणि तिच्या आसपासच्या नद्यांचा. जातकुळी आपल्या शिंगाळ्याची, पण अंगावर चिलखतासारखी हाडांची तकटे. तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखे. त्याने तो काचेला, दगडाला, लाकडाला चिकटून बसतो आणि तिथले शेवाळ खरवडून खातो. लांबी चार-पाच इंच, रंग चिखलाचा. उजेड वाढला की त्याच्या डोळ्यात वरून एक बारीकसा पडदा उतरतो आणि बाहुली चंद्रकोरीसारखी दिसू लागते. या माशात पाहण्यासारखे म्हणावे तर तेवढेच. नाही म्हणायला नराला दाढी असते. नाकाडावर आणि कपाळावर मांसल फांद्यांचे एक झुडूपच उगवलेले असते. मादीला ती नसते. असलीच तर ओठाच्या कडेने चार लव.

आमच्या धाकट्याने संभाजीनगरच्या दुकानातून ही जोडी आणली तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिले आणि विचारले, "हा मासा हाय का पाल?" मग बराच वेळ त्या टाकीसमोर बसून होत्या. आमच्याकडे टाकीत आधीपासून चार-सहा गप्पी होतेच. पिंपात डास होऊ नयेत म्हणून आमच्या भागात गप्पी मासे घरोघर ठाऊक आहेत. पण हौसेने, पैसे देऊन, पालीसारखा मासा आणायचा हे त्यांना पटायला वेळ लागला.

आता टाकीचे. आमची टाकी तीस इंच लांब, पंधरा रुंद, पंधरा उंच. काठोकाठ भरली तर ११० लिटर, आम्ही भरतो ती शंभर. हवेच्या पंपाला जोडलेला एक स्पंजचा फिल्टर, तळाशी जाडसर वाळू, एक पाण्यात मुरलेले लाकूड. हे लाकूड शोभेचे नव्हे. प्लेको ते खरवडत राहतात, आणि त्यांच्या पोटाला ते मानवते. त्याखेरीज हवी एक गुहा. दुकानात मातीच्या तयार नळ्या मिळतात म्हणे. मी कुंभाराकडून अरुंद तोंडाची बिनरंगाची छोटी गाडगी आणली, चार दिवस पाण्यात भिजत ठेवली आणि टाकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवली. जागा ऐसपैस असून चालत नाही. नराला आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना भिंत लागली पाहिजे, म्हणजे दारात बसून तो सगळे दार अडवू शकतो. बांबूचे एका बाजूने बंद असलेले पेरही चालते.

गाडगे ठेवल्यावर दुसऱ्याच दिवशी नराने ते ताब्यात घेतले आणि शेपटी हलवून आतली वाळूची कणी नि कणी बाहेर लोटली. मग महिनाभर काही नाही. या माशांचा विणीचा हंगाम त्यांच्या देशात पावसाशी बांधलेला असतो. नदीला नवे, थंड पाणी आले की त्यांना उमज पडते. टाकीतल्या माशाला पाऊस कसा कळणार? आपणच तो पाडायचा. आषाढात गच्चीवरचे पावसाचे पाणी धरले (पहिल्या दोन सरी सोडून दिल्या, त्यांत गच्चीची धूळ आणि गिरण्यांची काजळी असते) आणि संध्याकाळी टाकीतले दोन बादल्या पाणी काढून त्या जागी हे जरा गार पाणी घातले. चार दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेनंतर मादी गाडग्याच्या तोंडाशी घुटमळू लागली. ती आत गेली, नर तिच्या मागून दारात बसला, आणि रात्रभर दोघे आत. सकाळी मादी बाहेर आली, खाण्यावर तुटून पडली, आणि पुढच्या कशाशीही आपला काही संबंध नाही अशा थाटात फिरू लागली.

इथून बापाचे बाळंतपण सुरू होते.

बॅटरीच्या उजेडात गाडग्यात डोकावले तर छताला संत्र्याच्या रंगाचा एक घोस. अंडी साबुदाण्याच्या मोठ्या दाण्याएवढी, एकमेकांना चिकटलेली. नर त्यांच्याखाली पडून पंखांनी आणि शेपटीने सारखा वारा घालत होता. हा वारा नुसता लाड नव्हे. अंड्यांना प्राणवायू लागतो आणि पाणी साचून राहिले तर त्यांवर बुरशी चढते. नर मधूनमधून तोंडाने अंडी चाचपून बघतो, पांढरी पडलेली काढून टाकतो. जेवायला बाहेर येत नाही. मी काकडीची चकती गाडग्याच्या दारात ठेवून पाहिली. त्याने शेपटीने ती दूर लोटली.

सासूबाई रोज सकाळी पूजा झाली की विचारायच्या, "आत बसून काय करायलाय गं तो अजून?" सांगितले की पोरे सांभाळतोय. त्यांनी हे काही वेळ मनात घोळवले आणि मग ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "या घरात हे मी पहिल्यांदाच बघायले." ह्यांनी वर्तमानपत्र जरा उंच धरले.

पाणी सत्तावीस अंशांवर होते. त्या उबेत अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, पाणी गार असेल तर आठ-दहाही लागतात. आमची नेमकी पाचव्या दिवशी फुटली. सासूबाईंनी लगेच पाचवीचे नाव काढले; सटवाई माशांकडेही येत असावी. फुटली म्हणजे मासे झाले असे मात्र नाही. पिवळ्या बलकाची एक भली मोठी पिशवी, तिला मागे वळवळणारी शेपटी आणि पुढे दोन डोळे, एवढाच तो ऐवज. पिल्लू तोंडाने गाडग्याच्या भिंतीला चिकटून असते आणि बलकावरच जगते. या दिवसांत काही खायला घालायचे नाही. घातले तर नुसते सडते. बलक संपत जातो, पोट आत जाते, अंगावर ठिपके उमटतात, आणि आणखी सहा-सात दिवसांनी पिल्ले दाराबाहेर पडतात. म्हणजे बाराव्या दिवशी. बारशाचा हा मुहूर्त त्यांना कोणी काढून दिला कोण जाणे, पण घुगऱ्या आमच्या घरी खरोखरच झाल्या.

या दाढीचे एक कोडे आहे, ते इथेच सांगून टाकते. ती फक्त नरालाच का? साबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञांनी १९९९ साली एक तर्क मांडला. बऱ्याच माशांत असे आढळते की ज्या नराजवळ आधीच अंडी-पिल्ले आहेत त्याच्याकडेच मादी ओढली जाते; पोरे सांभाळणारा म्हणून तो पारखलेला असतो. ॲन्सिस्ट्रसच्या नाकाडावरच्या त्या हलत्या फांद्या दुरून पिल्लांसारख्या दिसतात. म्हणजे पदरी एकही पोर नसलेला नरसुद्धा चेहऱ्यावर पोरे खेळवत असल्याचा आव आणू शकतो! तर्क तर्कच आहे, पण लग्नाच्या बाजारात मुलाचे स्थळ कसे सजवून सांगतात हे ज्याने पाहिले आहे त्याला तो अशक्य वाटणार नाही.

कधी कधी पहिलटकर नर अंडी टाकून देतो. गाडग्याबाहेर घोस पडलेला दिसला तर तो हलकेच उचलून टाकीतच टांगलेल्या बारीक जाळीच्या पेटीत ठेवावा आणि बाजूला हवेचे बुडबुडे सोडावेत, अंडी किंचित हलतील इतपतच. पांढरी पडतील ती चिमट्याने काढावीत. वेगळ्या भांड्यात ठेवली असतील तर मेथिलीन ब्लू या निळ्या औषधाचे चार थेंब बुरशी आवरतात. देशी बदामाची वाळलेली पानेही पुष्कळ लोक घालतात. त्यांनी पाण्याला चहासारखा रंग येतो.

आता पाण्याचा हिशेब, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

टाकीतल्या माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, आणि तो विषारी असतो. स्पंजमध्ये वस्तीला आलेले जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच निरुपद्रवी, पण साचत जाते. म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे. आमच्या टाकीला हा चौथा हिस्सा म्हणजे २५ लिटर, दोन बादल्या. पिल्ले असताना मात्र एवढ्याने भागत नाही. ती अखंड खातात आणि अखंड घाण करतात. जाणकार रोज दहावा हिस्सा बदला म्हणतात. रोज दहा लिटर! नळ आठव्या दिवशी येणाऱ्या घरात हे वाक्य मोठ्याने वाचायचीसुद्धा सोय नाही.

त्यावर तोड अशी. पिल्ले वेगळ्या छोट्या भांड्यात ठेवायचीच नाहीत. जाळीची पेटी मोठ्या टाकीतच टांगली की ६३ पिल्लांना (बाराव्या दिवशी मी मोजली तेव्हा एवढी भरली) शंभर लिटर पाण्याचा आधार मिळतो आणि जुना, मुरलेला स्पंजही मिळतो. मग रोज बारीक नळीने पेटीच्या तळचा गाळ तेवढा ओढून घ्यायचा. त्यात दोन तांबे पाणी जाते. आठवड्याच्या दोन बादल्यांच्या तीन झाल्या, बस.

आणि त्या तीन बादल्या तरी जातात कुठे? तुळस, जास्वंद आणि अर्ध्या पिंपात लावलेले मोसंबीचे झाड यांना. नायट्रेट म्हणजे झाडांचे खतच. या झाडांना मी पूर्वीही आठवड्याला एवढेच पाणी घालत होते. आता ते वाटेत चार दिवस माशांकडे मुक्काम करून जाते, इतकेच. खरा खर्च होतो तो वाफेचा. मे महिन्यात रोज तांब्या-दोन तांबे उडून जाते. सासूबाईंनी, ज्या घरात कोणी नळ टपकत ठेवला तर तीन दिवस बोलत नाहीत, हा हिशेब बोटांवर दोनदा करून पाहिला आणि मान्य केला.

गंमत अशी की पिंपात साठवण्याची आमची सक्ती माशांना पथ्यावर पडते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो, आणि स्पंजमधले जंतूही त्याने मरतात. उघड्या भांड्यात पाणी दिवस-दोन दिवस ठेवले की क्लोरीन उडून जातो. ज्यांच्याकडे चोवीस तास नळ आहे त्यांना त्यासाठी मुद्दाम बादल्या भरून ठेवाव्या लागतात. आमच्याकडचे पाणी आपसूकच शिळे असते. टँकरच्या पाण्याची गोष्ट निराळी. त्यात ब्लीचिंग पावडरचा हात सैल असतो. नुसता वास आला तरी मी हायपोचे दोन-चार खडे टाकते. फोटो धुणारे वापरत तेच हायपो.

बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून येते, जड असते, काचेवर पांढरी रेघ उमटवते. प्लेकोला ते चालते. मात्र एकदम बदल नको, आज पावसाचे हलके पाणी आणि उद्या सगळे बोअरचे, असे नको. जड पाण्यात एक धोका मात्र आहे. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितका अमोनिया अधिक विषारी होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदमच जुळून येतात. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. म्हणून मे महिन्यात खाणे निम्मे करावे, टाकीचे झाकण काढून वर जाळी घालावी आणि पाण्यावर टेबलफॅनचा वारा सोडावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीचेही दोन-तीन अंशांनी उतरते. आमची हवा कोरडी असल्यामुळे ही युक्ती इथे मुंबईपेक्षा बरी साधते. विजेचा भरवसा नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. तो टाकीपेक्षा स्वस्त पडतो.

पिल्लांचे खाणे म्हणजे आपल्याच भाजीवालीच्या टोपलीतले. दोडका, दुधी, काकडी, पालक. साल काढून, पालक असेल तर दोन-तीनदा धुऊन, वाफवून घ्यावे. फवारणीचे औषध आपल्याला एका पानाने काही करत नाही, पण अर्ध्या इंचाच्या जिवाला पुरेसे होते. फोड तरंगू नये म्हणून स्टीलच्या चमच्यात खोचून बुडवायची आणि बारा तासांनी उरलेली काढून टाकायची. याखेरीज गच्चीवर काचेच्या बरणीत टाकीचेच जुने पाणी आणि गुळगुळीत गोटे घालून उन्हात ठेवले की आठवड्यात गोट्यांवर हिरवे शेवाळ धरते. उन्हाची आमच्याकडे टंचाई नाही. असा एक गोटा पेटीत ठेवला की पिल्ले त्यावर अशी चिकटतात की गोटाच हालतोय असे वाटते. पिल्लू काचेला चिकटले की खालून त्याचे पोट दिसते. पोट गोल तर सगळे ठीक, आत गेलेले दिसले तर ते उपाशी आहे. या वयातली बरीच पिल्ले उपासमारीनेच जातात. मालकाला वाटते, प्लेको काय, शेवाळावर जगेल.

६३ पैकी ५८ जगली. दीड इंचाची झाल्यावर पुढचा प्रश्न आला. शंभर लिटरमध्ये एवढे मासे मावत नाहीत.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मोती तलावात सोडून द्या की. मासा पाण्यात सोडणं म्हणजे पुण्यच." सासूबाईंनाही ते पटले. जाळ्यातला जीव पाण्यात परत सोडणे हे पुण्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण हा जीव त्या पाण्यातला नव्हेच. याचाच एक थोराड नातेवाईक, दीड फुटापर्यंत वाढणारा सकर मासा, दुकानांत बोटाएवढा असताना विकला जातो. वर्षभरात तो टाकीत मावेनासा होतो आणि लोक त्याला जवळच्या पाण्यात सोडतात. भीमेवरच्या उजनी जलाशयात आज तो जाळ्यात सापडतो. खायला त्याला कोणी घेत नाही, चिलखताने आणि काट्यांनी जाळी फाटतात, आणि आपल्या माशांच्या खाण्यात तो वाटेकरी होतो. कोलकात्याच्या पाणथळींतही तो पसरला आहे. त्यातल्या प्रत्येकाला कोणीतरी कधीतरी पुण्य म्हणूनच सोडले असणार. आमचा दाढीवाला लहान असला, तरी काटक आहे आणि आपली पोरे वाढवण्यात किती तरबेज आहे ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. असे गुण असलेल्या पाव्हण्याला कुंडलिकेचा पत्ता देऊ नये.

हे सगळे मी सासूबाईंना सांगितले. त्यांनी विचारले, "मग आता?"

मग मी एक यादी केली. ज्यांच्या घरी टाकी आहे, किंवा घेणार आहेत, त्यांना तीन-तीन पिल्ले, एक गाडगे आणि हा सगळा हिशेब एका कागदावर लिहून. एकच अट: नकोसे झाले तर मला परत आणून द्यायचे, नदीत नाही, तलावात नाही, विहिरीत तर मुळीच नाही. नराचे गाडगे मी तूर्त काढून ठेवले आहे. गुहा नसली की वीण थांबते. नाही तर तो महिन्या-दीड महिन्यात पुन्हा बाळंतपणाला बसला असता. ५८ पैकी ४५ पिल्ले घरोघर गेली. तिघांची बदली झाली म्हणून एका घरची तीन परत आली आहेत, ती सध्या मुख्य टाकीत आहेत. दाढी फुटायला अजून दोन-तीन महिने आहेत, तेव्हा त्यांतला बाप कोणता होणार हे कळायचे आहे. सासूबाईंनी मात्र एक निवडून ठेवला आहे. दुपारी त्या त्याला दोडक्याची फोड देतात, आणि ती खाऊन झाली की चमचा स्वतः धुऊन ठेवतात.